ध्वनिमुद्रणाचे रूपांतर आणि आपण

आपल्या महाविद्यालयात लोकसाहित्याचा अभ्यास चालतो, वक्तृत्व स्पर्धा होतात, बाहेरून व्याख्याते येतात. आणि यांपैकी बहुतेक प्रसंगी कोणीतरी खिशातला फोन काढून ध्वनिमुद्रण करतोच. मुद्रण करण्याची हौस आता सार्वत्रिक झाली आहे. ते पुढे कोणाला ऐकता येते आणि किती दिवस टिकते, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. त्याविषयीच मला चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय यंत्राचा दिसतो म्हणून कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये, एवढी विनंती.

आधी थोडी माहिती. ध्वनी अंकांत साठविण्याच्या पद्धती अनेक आहेत. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. या हिशेबाने एका तासाच्या मुद्रणास सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. १९९१ सालची वेव्ह फाईल साधारणपणे असाच सगळा ऐवज जसाच्या तसा ठेवते. पुढे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी मोठा वाटा उचललेली पद्धत आली. १९९५ साली तिच्या फायलींना एमपीथ्री हे नाव मिळाले. मोठ्या आवाजाखाली झाकला गेलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला जाणवत नाही, हे ओळखून ती पद्धत तेवढा भाग गाळून टाकते. मग तोच तास ५८ मेगाबाइटांत मावतो. फोनवर पुष्कळदा दिसणारी एमफोरए फाईलही बहुधा अशाच गाळणीतून आलेली असते. साध्या फोनवरील एएमआर ही पद्धत तर मुळात संभाषणासाठी केलेली. ती सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेते आणि बोलणे समजण्यापुरतेच राखते. तंबोरा, टाळ किंवा जात्याची घरघर तिच्या लेखी बोलणेच नव्हे.

एवढे ध्यानात आले म्हणजे रूपांतराचे एक मर्म कळते. वेव्हचे एमपीथ्री करता येते, एमपीथ्रीचे वेव्हही करता येते. परंतु दुसऱ्या खेपेस फाईल फक्त फुगते, गाळलेले परत येत नाही. पिठातला कोंडा चाळून उकिरड्यावर टाकल्यावर परातीचा आकार वाढवून तो कसा परत यावा?

आता आमच्या गारखेड्याचे उदाहरण सांगतो. आमच्या गल्लीत पैठण, फुलंब्री, कन्नडकडच्या खेड्यांतून येऊन स्थायिक झालेली बरीच कुटुंबे आहेत. त्यांतल्या वयस्क बायकांचे एक भजनी मंडळ आहे. शेजारच्या एका मुलाने त्यांच्या जुन्या ओव्या फोनवर घेतल्या. मुद्रण झाले एमफोरएमध्ये. गाणाऱ्या बायकांजवळ बटनांचे फोन आणि पेनड्राइव्ह लावण्याचा स्वस्तातला स्पीकर. दोन्हींवर ती फाईल वाजेना. ज्यांनी गायले त्यांनाच आपले गाणे ऐकू येईना! अखेर मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या एका दुकानातून तिचे एमपीथ्री झाले आणि बायका खूष झाल्या. इथपर्यंत ठीक. पुढे कोणी त्या एमपीथ्रीचे एएमआर केले, आणखी कोणी त्या एएमआरचे पुन्हा एमपीथ्री केले. दरम्यान मुलाने जुना फोन विकला. मूळ मुद्रण त्याबरोबर गेले. मंडळातल्या एक मावशी गेल्या वर्षी वारल्या. त्यांचा आवाज आज घरोघर आहे, पण तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. शब्द कळतात, ओवीच्या शेवटी त्या जो श्वास सोडीत, तो कळत नाही. त्यांच्या नातीसाठी तो श्वासच आजी होती.

या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात. काही रसिक म्हणतात, दाबलेला आवाज म्हणजे आवाजच नव्हे. रूपांतर करूच नये. दुसरे म्हणतात, ऐकू आले की पुरे. मूळ ठेवून जागा कशाला अडवायची? मला दोन्ही मते मान्य नाहीत. पहिल्या मताने आवाज कपाटात राहतो आणि महाग यंत्र असणाऱ्यालाच मिळतो. बटनांचा फोन वापरणारी बाई ही गायिका म्हणून आपल्याला चालते, मग श्रोता म्हणून का चालू नये? दुसऱ्या मताने आज सर्वांना मिळते, उद्या कोणालाच धड मिळत नाही. तेव्हा रूपांतर अवश्य करावे, पण ते नकलेचे करावे आणि मूळ जिवापाड सांभाळावे.

हे कार्य आपल्याच राज्यात मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत. बर्नार्ड बेल यांनी संगणकावर त्यांची सूची बांधण्यास साहाय्य केले. या संग्रहात १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण आहे. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावरून त्या ओव्या लोकांपर्यंत पोहोचू लागल्या. घरात जाते फिरणे थांबले, पिठाची गिरणी आली, तरी ओवी ऐकू येते. कारण कोणीतरी ती वेळीच मुद्रित केली, जपली आणि नव्या साधनांवर आणली. सीडीच्या प्रतीने धरले तरी १२० तासांना सुमारे ७६ गिगाबाइट लागतील. एवढे आज १२८ गिगाबाइटच्या एका पेनड्राइव्हवर मावते. तेव्हा जागेची सबब टिकत नाही.

‘मूळ जसे आहे तसे राहू द्या’ एवढेही मात्र पुरेसे नाही. डॅट ही उत्तम दर्जाची फीत १९८७ साली आली. २००५ साली सोनीने तिची यंत्रे बनविणे थांबविले. फीत चांगली आणि वाजविणारे यंत्र नाही, अशी अवस्था होते. म्हणून दर काही वर्षांनी मूळही नव्या घरात हलवावे लागते, मात्र काहीही न गाळता. यासाठी २००१ साली आलेली फ्लॅक ही पद्धत उपयोगी आहे. ती जागा पुष्कळ वाचविते, पण आवाजातले काही टाकून देत नाही. तिचा आराखडा सर्वांना खुला आहे. एमपीथ्रीच्या परवान्यांचा व्यवहारही २०१७ साली संपला. एफएफएमपेग किंवा ऑडॅसिटी यांसारखी रूपांतराची साधने तर विनामूल्य आहेत. म्हणजे पैशाचीही अडचण नाही.

म्हणून मराठी विभागाला व ग्रंथालयाला माझी नम्र सूचना अशी : विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी केलेले प्रत्येक मुद्रण ज्या रूपात झाले त्या रूपात जमा करून घ्यावे, आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्यावरून एमपीथ्रीची प्रत काढून ती मागेल त्याला द्यावी, आणि सर्वांत आधी ती गाणाऱ्याच्या हाती, त्याच्या यंत्रावर वाजवून दाखवून द्यावी. सोबत गाव, तारीख, गाणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती लिहून ठेवावी. ग्रंथपालांना एक कपाट आणि आपल्याला दर प्रकल्पामागे अर्धा तास, एवढाच याचा खर्च.

दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी अनेकजण गावी जातील, आजीला ‘म्हण ना एखादी ओवी’ म्हणतील आणि फोन पुढे धरतील. मित्रहो, जरूर धरा. परत आल्यावर फोन बदलण्यापूर्वी मात्र ती ओवी ग्रंथालयात आणून द्या.