ॲव्हरेजच्या नादात तापलेले इंजिन

चिपळूणहून कराडला निघालो आणि कुंभार्ली घाटाच्या निम्म्यावर आमच्या जुन्या मोटारसायकलने मान टाकली. इंजिनातून टकटक आवाज, ताकद नाही आणि पायाला धग. अर्धा तास थांबल्यावर कुठे ती पुढे सरकली. ऑइल पुरेसे होते, इंजिनच्या पात्यांत चिखल नव्हता, ब्रेकही चिकटत नव्हते. मग एवढी तापली कशाने?

घरी आल्यावर ओळखीच्या मिस्त्री चाचांनी इंजिन थंड होऊ दिले आणि स्पार्क प्लग काढला. टोक पांढरेफटक! प्लग चहाच्या रंगाचा असेल तर पेट्रोल-हवेचे प्रमाण ठीक, काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त आणि पांढरा असेल तर कमी. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. चढावर भार वाढला की पेट्रोल याहून थोडे जास्तच लागते. ते मिळाले नाही की इंजिन तापते.

मग आठवले, मागच्या सर्व्हिसिंगला ‘ॲव्हरेज वाढवून द्या’ असे आम्हीच सांगितले होते. त्यासाठी कार्बोरेटरची सुई खाली उतरवली होती. त्यात मेन जेटमध्ये कचरा आणि कार्बोरेटर-इंजिनमधल्या रबराला बारीक चीर. तिथून जादा हवा आत जात होती.

चाचांनी जेट पेट्रोलने धुऊन हवेने साफ केला, रबर बदलले आणि सुईची क्लिप पुन्हा मधल्या खाचेत बसवली. जेटमध्ये तार कधीच घालू नये, भोक मोठे होते. नुसता एअर स्क्रू फिरवूनही भागले नसते, कारण त्याचा परिणाम मुख्यतः स्लो रनिंगवर होतो.

हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा आणखी जादा ठरते. अशा गाडीचे पेट्रोल मुद्दाम कमी करणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. इंजेक्शनच्या नव्या गाडीत मात्र घरी हात घालू नका, वर्कशॉपमध्ये तपासून घ्या.

लिटरमागे दोन-चार किलोमीटर वाचवायला गेलो आणि पिस्टन जाम होता होता राहिला. तसे झाले असते तर वर्षभराची बचत एका बिलात गेली असती. गेल्या आठवड्यात अम्मींना मागे बसवून तोच घाट न थांबता चढलो. वर पोचल्यावर प्लग पाहिला, तर अगदी चहाच्या रंगाचा!