भरकटला होता म्हणे!



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय तो रागात. सौ. म्हणाली, राग शांत झाल्यावर लिहा. पण राग शांत झाला की माझं लिहिणं होत नाही, हा जुना अनुभव आहे.

माझा बालमित्र गेल्या महिन्यात गेला. नाव लिहीत नाही, नात्यातल्या मंडळींना कळेलच. लातूरला शोकसभा झाली, मी नांदेडहून सकाळच्या एस.टी.नं गेलो. सात जण बोलले. बँकेत किती सचोटीनं नोकरी केली, १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडच्या गावांत किती दिवस राबला, निवृत्तीनंतर किती पोरांच्या फिया भरल्या, सगळं सांगून झालं. सगळं खरं. मग एक वक्ते उठले आणि म्हणाले, "तरुणपणी मुंबईत ते जरा भरकटले होते, पण वेळीच सावरले." सभेनं माना डोलावल्या. मीही गप्प बसलो, कारण शोकसभेत भांडायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता त्याची स्मरणिका निघतेय. माझ्याकडे लेख मागितला आणि फोनवरच बजावलं, "सर, ते गिटारचं वगैरे नको. आणि तो लांब केसांचा फोटो तर नकोच नको."

हे जे 'गिटारचं वगैरे' आहे ना, ती त्याच्या आयुष्यातली सहा वर्षं आहेत. चांगली घसघशीत सहा वर्षं!

आम्ही नांदेडला एका बाकावर शिकलो. मी पीपल्स कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झालो आणि मास्तरकी धरली. तो १९७० ला डिप्लोमासाठी मुंबईला गेला आणि तिथं एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवू लागला. मुंबईत तेव्हा कॉलेजच्या पोरांच्या बँडचं पीक आलं होतं. एका सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' ही देशभरातल्या बँडची स्पर्धा व्हायची. तिच्यातल्या निवडक बँडच्या तबकड्याही निघाल्या, १९७० ला एक आणि १९७१ ला एक. यांचा बँड सुरुवातीलाच गळाला, हे तोच हसत हसत सांगायचा. १९७१ लाच लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाची मोठी रॉकची जत्रा भरली होती. मळवली म्हणजे कार्ला-भाज्याच्या लेण्यांचं स्टेशन. तिथं हा श्रोत्यांत होता. पायात चप्पल राहिली नव्हती आणि परतीच्या तिकिटाचे पैसेही नव्हते, पण त्या दिवसाबद्दल बोलताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जसा आमच्या आजीचा पंढरपूरचं नाव काढलं की व्हायचा. (आजीला ही तुलना आवडली नसती. असो.)

१९७३ च्या गणपतीत तो गिटार घेऊन नांदेडला आला. मनमाडला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या डब्यात ती लांबलचक पेटी चढवताना हमालानं विचारलं म्हणे, "बंदूक हाय का सायेब?" आमच्या गल्लीतल्या मंडळानं त्याला आरतीनंतर अर्धा तास दिला. गिटार विजेवरची, तिला लागणारं यंत्र मुंबईतच राहिलेलं. मग मंडपवाल्याचं लाउडस्पीकरचं मशीन घेतलं, वायरी सोलून जोडल्या आणि भोंग्यातून पहिला सूर निघाला. म्हणजे सूर कसला, फाटलेलाच आवाज तो! म्हाताऱ्या उठून गेल्या. पोरं मात्र मंडपाच्या बांबूंवर चढली. मी खाली उभा, कानांत बोटं घालावीत की नाही या विचारात. तो वरून ओरडला, "मास्तर, ऐकू लालास का नुसतं बघू लालास?"

खरं सांगतो, मी नुसतं बघत होतो. ऐकायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

१९७४ ला त्याचं चार पानी पत्र आलं. मुंबईत अलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे इंग्रजी संगीत नाटक बसवलं होतं आणि त्यात जुडास झाला होता नंदू भेंडे. पत्रात बाकीच्या नाटकाबद्दल काही नव्हतं. येशूचा घात करणाऱ्या त्या जुडासबद्दलच चार पानं, आणि शेवटी ठळक अक्षरांत, "आपला मराठी पोरगा आहे, आत्माराम भेंड्यांचा!" 'झोपी गेलेला जागा झाला'सारख्या फार्सांनी महाराष्ट्राला हसवणारे तेच आत्माराम भेंडे. आई आशा भेंडे मराठी रंगभूमीवरच्या, आणि इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल हे सख्खे मामा. अशा घरातून रॉक गाणारा निघाला तर तो भरकटला म्हणायचं, की घरात जे होतं तेच पुढं घेऊन गेला म्हणायचं?

हेच नंदू भेंडे पुढं १९७८ ला पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त आले. ब्रेख्तचं नाटक, मराठी रूप पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. त्याच्या संगीतात नंदूंचा हात होता आणि रंगमंचावर ते गायलेही. मराठी शब्द, मराठी प्रेक्षक आणि चाल रॉकची, सगळं एका तिकिटात. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला पृथ्वीवर ये म्हणून हाक मारणारं गाणं आहे, ते कुणी गायलं? त्यांनीच. आधी जुडास, मग कृष्ण. आमच्या वक्त्यांच्या हिशेबात हा माणूस कोणत्या साली भरकटला आणि कोणत्या साली सावरला, हे त्यांनी मला एकदा मांडून दाखवावं.

"आपल्या मातीतलं नाही हो ते," असं म्हणतात. हे म्हणणारे गृहस्थ दर एकादशीला पेटीवर भजन म्हणतात, आणि उत्तम म्हणतात. ती पेटी कुठल्या मातीतली? एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये तिचा जन्म झाला. आपल्या संगीताला ती चालणार नाही म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून तिच्यावर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत होती. एकतीस वर्षं! म्हणजे माझा मित्र मुंबईत गिटार शिकत होता, तेव्हा सरकारदरबारी पेटीसुद्धा परकीच होती. आज पेटीशिवाय ना हरिपाठ होतो ना आमच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन. व्हायोलिन सातासमुद्रापलीकडचं. लग्नाच्या वरातीतलं क्लॅरिओनेट काय औशात पिकलं? ही सगळी आपली झाली, आणि गिटार तेवढी 'थेरं'?

शब्दांतली लबाडी बघा. तबला वाजवला की ती साधना. नोकरी सांभाळून सतार वाजवली की तो छंद. गिटार वाजवली की भरकटला. सहा वर्षं रोज चार चार तास बसून, बोटांची सालटी जाईपर्यंत एकच तान घोटणाऱ्या माणसाला भरकटलेला म्हणणारे आम्ही कोण? आमच्या लातूरनं साऱ्या राज्याला 'पॅटर्न' दिला, त्याचा मलाही अभिमान आहे, मी त्याच जिल्ह्यात शिकवलंय. पण त्या पॅटर्नची एक खोड आहे. ज्याला गुण नाहीत ते आमच्या गुणपत्रिकेत चढतच नाही. मेलेल्या माणसाचीही आम्ही गुणपत्रिकाच वाचतो.

१९७६ ला वडील अंथरुणाला खिळले म्हणून तो परत आला. सावरला म्हणून नव्हे! घरी आई आणि दोन बहिणी होत्या, म्हणून आला. पुढं बँकेत लागला, लातूरला स्थायिक झाला. मीही तोवर तिकडंच एका शाळेत होतो.

आता इथं माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे, नाहीतर हा सगळा राग खोटा ठरेल. १९८६ ला शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सांस्कृतिक खातं माझ्याकडं होतं. तो आपण होऊन म्हणाला, "मास्तर, नववीतली चार पोरं दे. मराठी गाणं बसवतो, गिटारवर." पोरं आठ दिवस त्याच्या घरी जात होती. कुणाकुणाच्या पालकांची कुजबुज माझ्या कानावर आली. मला वरून कुणी एक शब्द बोललं नव्हतं, तरी मीच त्याच्याकडं गेलो आणि म्हणालो, "शाळेत हे शोभायचं नाही. पेटीवर एखादं समूहगीत बसव." तो माझ्याकडं बघत राहिला. मग "बरं" म्हणाला. समूहगीत झकास बसवलं, टाळ्याही पडल्या. त्यानंतर माझ्यासमोर त्यानं गिटार काढली नाही. मीही कधी काढ म्हणालो नाही.

११ एप्रिल २०१४ ला नंदू भेंडे गेले. दुसऱ्या दिवशी रात्री याचा फोन आला. "मास्तर, जुडास गेला." एवढंच बोलला आणि बराच वेळ फोन धरून बसला. मीही धरून बसलो.

शोकसभा संपल्यावर बाहेर चपला शोधत होतो, तर पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ पाया पडला. त्या चौघांतला एक. गंजगोलाईत दुकान आहे म्हणाला. डाव्या हाताची बोटं माझ्यापुढं धरली, टोकांना घट्टे पडलेले. "काकांनी शिकवलेलं अजून वाजवतो सर. दुकान बंद झाल्यावर, शटर ओढून."

स्मरणिकेसाठी लेख मागितला होता तो हाच पाठवला आहे, एक ओळही न गाळता. सोबत फोटोही, १९७३ चा, मंडपातला, लांब केसांचा. मागं गणपती अर्धाच आलाय, भोंगा मात्र पूर्ण दिसतो. छापला तर ठीक. नाही छापला तर पुढच्या आठवड्यात इथं टाकीन. नातवाकडून स्कॅन करून ठेवलाय.