नाव माकडाचे, ताप गोचिडीचा

पिंपळवंडीच्या उसात बिबट्या शिरला की त्याची वार्ता सायंकाळपर्यंत सबंध जुन्नर तालुक्यात पसरते. वनखाते पिंजरा लावते, शेळी गेली तर पंचनामा होतो, माणूस दगावल्यास शासन वारसांना अर्थसाहाय्य देते. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने ऊस वाढवला आणि उसाने बिबट्याला आसरा दिला, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु जंगलातून माणसाकडे येणारे प्रत्येक संकट इतके ठसठशीत नसते. सह्याद्रीच्याच रांगेत दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, तिळाएवढ्या गोचिडीच्या दंशाने माणसे मेली. त्या दंशाचा पंचनामा होत नाही.

या रोगास लोक माकडताप म्हणतात. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ आसपासची खेडी तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधून काढला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ साली दोडामार्गात आणि पुढल्या वर्षी बांदा परिसरात त्याने माणसे गाठली. शोध पुण्याने लावलेला असूनही रोग दारात येईपर्यंत महाराष्ट्राला तो परका वाटत होता, हे फारसे भूषणावह नाही.

नावाने मात्र भलताच घोटाळा केला आहे. माकड हा या रोगाचा बळी आहे. ते आजारी पडले की त्याच्या रक्तावरच्या असंख्य गोचिडींना विषाणू मिळतो आणि ते मेले की त्या गळून ती जागा धोक्याची होते, हे खरे. पण विषाणूचे बिऱ्हाड वर्षानुवर्षे टिकते ते गोचिडीत आणि रानउंदीर, चिचुंद्री अशा कोणाच्या लेखी नसलेल्या प्राण्यांत. अंड्यातून निघालेली गोचीड पहिले रक्त बहुधा याच प्राण्यांचे पिते. अर्धवट वाढ झाली की ती माकडाला व माणसाला चावते, आणि पूर्ण वाढल्यावर गुराच्या अंगावर पोसली जाते. गुरे आजारी पडत नाहीत. ती फक्त गोचिडींची संख्या वाढवतात. जंगल तोडून त्याच्या कडेला वस्ती, बाग आणि चराऊ गुरे आणली की ही साखळी बळकट होते, असा इशारा संशोधकांनी १९६० च्या दशकातच दिला होता.

अमेरिकेचा अनुभव निराळा नाही. कनेक्टिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात १९७५ साली मुलांचे सांधे सुजू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि लाइम रोग उजेडात आला. संशयाचे बोट हरणाकडे गेले. हरिण गोचिडीला पोसते खरे, पण तिला रोगजंतू देतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांचा रानउंदीर. ओकची फळे उदंड आली की पुढल्या वर्षी उंदीर वाढतात आणि त्यानंतर जंतुवाहक गोचिडी. तो जीवाणू होता, येथे विषाणू आहे. लाइमवर प्रतिजैविके चालतात, माकडतापावर नेमके औषध नाही. लसही होती, पण तिचा उपयोग पुरेसा होत नाही असे आढळल्याने कर्नाटकात २०२२ साली ती थांबवण्यात आली.

माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि काजूचा हंगामही त्यातच येतो. झाडाखाली वाकून काजू वेचणारी बाई, पातेरा गोळा करणारा गडी, गुरे घेऊन रानात जाणारा पोर यांनाच गोचीड चावते. काजूच्या भावात या तापाची किंमत कोठेही धरलेली नाही. ती मजुराच्या बुडालेल्या रोजातून आणि इस्पितळाच्या खर्चातून वसूल होते. वन्यप्राण्यांच्या हल्ल्याच्या भरपाईत बिबट्या आहे, गवा आहे, गोचीड नाही. वास्तविक हा व्यवसायजन्य रोग मानून मजुराला बुडालेला रोज मिळाला पाहिजे आणि गोचीड-प्रतिबंधक तेल व बूट बागमालकाने पुरवले पाहिजेत. मेलेल्या माकडाची वर्दी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला पोचावी, गुरांवरील गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्यकाने हंगामाआधी करावा. यासाठी लागणारा पैसा मोठा नाही, पण तो नोव्हेंबरात हाती पडायला हवा. मार्चअखेरीस मंजूर झालेल्या निधीतून तेल येईपर्यंत निम्मा काजू वेचून झालेला असतो.