विश्लेषण : जुनी कागदपत्रे स्कॅन झाली, मग सापडत का नाहीत?

कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून राज्यभरात जुन्या दप्तरांवरची धूळ झटकली गेली. न्या. संदीप शिंदे समितीने मोडी आणि उर्दूतील कागद तपासले, लाखो नोंदी पुढे आल्या. पण कागद जपलेला असणे आणि तो हवा तेव्हा सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही या शोधातून स्पष्ट झाले. नोंदीवर ज्यांचा दाखला अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

स्कॅन करणे पुरेसे का नाही?

स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्या फाइलला नुसता क्रमांक असेल तर आत खरेदीखत आहे की जमाखर्च, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोडीतील हस्ताक्षरावर मोबाइलचा नेहमीचा सर्च चालत नाही. म्हणून प्रत्येक कागदासोबत त्याची माहिती नोंदवावी लागते. यालाच अभिलेखांचे वर्णन म्हणतात.

आतापर्यंतची पद्धत काय होती?

आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेने १९९४ मध्ये ‘आयसॅड-जी’ हे मानक आणले. २००० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात २६ रकाने आहेत आणि त्यांपैकी संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, आकारमान आणि वर्णनाचा स्तर हे सहा अत्यावश्यक मानले जातात. ‘अ‍ॅटॉम’ हे मोफत सॉफ्टवेअर याच मानकावर उभे आहे. ही रचना वंशावळीसारखी असते : वर संग्रह, खाली मालिका, मग फाइल आणि शेवटी कागद.

नव्या मानकात वेगळे काय?

परिषदेच्या तज्ज्ञ गटाने २०१२ पासून काम करून ‘रेकॉर्ड्स इन कॉन्टेक्स्ट्स’ अर्थात ‘रिक’ची पहिली पूर्ण आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. यात वंशावळीऐवजी जाळे आहे. कागद, व्यक्ती, कार्यालय, काम, ठिकाण आणि काळ यांच्या स्वतंत्र नोंदी होतात आणि त्या एकमेकींशी जोडल्या जातात.

पुण्याचे पेशवे दप्तर याचे उत्तम उदाहरण आहे. कागद पेशव्यांच्या कारभारात तयार झाले, १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुढे इनाम कमिशनने इनामांच्या चौकशीसाठी वापरले. आज ते रुमालांत बांधलेले आहेत. यांचा ‘निर्माता’ कोण आणि आजचा क्रम कोणी लावला? एकाच रकान्यात याचे उत्तर मावत नाही. ‘रिक’मध्ये हे सारे संबंध वेगवेगळे नोंदवता येतात.

सामान्यांना उपयोग काय?

अंबडचे उदाहरण पाहू. निजामाच्या काळात हा तालुका हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९८१ मध्ये अंबड नव्या जालना जिल्ह्यात गेले. औरंगाबादचे नावही आता छत्रपती संभाजीनगर आहे. शोधणारा ‘जालना’ लिहितो, पण जुन्या कागदावर जालना जिल्हा असणारच नाही. ठिकाणाची नोंद त्याच्या बदलत्या नावांसह आणि काळासह जोडलेली असेल, तर एकाच शोधात दोन्ही सापडतील.

आक्षेप कोणते?

‘रिक’ किचकट आहे आणि ते पूर्णपणे पेलणारी साधने अजून थोडी आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जुन्या सूची नव्या रचनेत बदलणारे मुक्त सॉफ्टवेअर बनवले, पण त्यांच्याकडे सूची आधीपासून होत्या. जिथे धड यादीच नाही, तिथे कोणतेही सॉफ्टवेअर काय बदलणार? मोडी वाचू शकणारे एआय येत आहे, तरी यंत्राने चुकीचे वाचलेले आडनाव एखाद्याचा दाखला अडवू शकते. तपासायला जाणकार माणूस लागणारच.

मग काय करायला हवे?

आपल्याकडे यशाचे मोजमाप बहुधा ‘इतकी पाने स्कॅन’ असे होते. ते बदलायला हवे. किती पानांना वर्णन आहे, हा आकडा जाहीर झाला पाहिजे. सुरुवात सहा रकान्यांपासून करता येते : प्रत्येक रुमालाला कायमचा क्रमांक आणि गावांच्या जुन्या-नव्या नावांची एकच सामाईक यादी. स्कॅनिंगच्या कंत्राटातच वर्णनाची अट आणि मोडी-उर्दू वाचकांचे मानधन धरले, तर पुढे ‘रिक’कडे जाणे सोपे होईल. स्कॅनर एका निविदेत विकत घेता येतो, मोडी वाचणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात. म्हणून खर्चाचा क्रमही तसाच असायला हवा.