घाट चढायच्या आधी होजची क्लिप बघून घ्या

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की आपलं वलगाव येतं. पुढे आसेगाव, परतवाडा, आणि मग चिखलदऱ्याचा घाट. एप्रिल-मे महिन्यात या रस्त्याने किती गाड्या जातात ते तुम्ही रोज बघता. कुणी लग्नाला, कुणी लेकरांना थंड हवा दाखवायला. गाडीत माणसं ठेचून भरलेली, एसी चालू, बाहेर 44-45 अंश.

अशाच एका मे महिन्यात आमच्या घरची गाडी आसेगावच्या अलीकडे थांबली. बॉनेटमधून पांढरी वाफ येत होती. आत सहा जण, त्यात सात महिन्यांचं बाळ. जवळ झाड नव्हतं. बाळाला ओल्या पंचात गुंडाळून आम्ही दीड तास काढला.

रेडिएटरचा वरचा पाइप निसटला होता. पाइप नवा होता, चारच दिवसांपूर्वी टाकलेला. क्लिप मात्र जुनी, गंजलेली. मिस्त्रीने मला विचारलं होतं, आणि मीच म्हटलं होतं, "राहू द्या, चालते." ते "चालते" मला फार महागात पडलं. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये राहिली. म्हणून आज या क्लिपबद्दल तुमच्याशी बोलतो आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. या पाइपातून नुसतं गरम पाणी वाहत नाही, दाबाखालचं गरम पाणी वाहतं. रेडिएटरच्या झाकणावर बघा. अनेक गाड्यांवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. 1.1 असेल तर चाकात आपण जी 32 ची हवा भरतो, तिच्या साधारण निम्मा दाब त्या रबरी पाइपावर येतो. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळे पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, आणखी वीसेक अंश तग धरतं. क्लिप सैल पडली की पाणी जातं आणि दाबही जातो. मग उरलेलं पाणी लवकर उकळतं. गाडी एकाएकी तापते ती अशी.

क्लिप मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एक स्क्रूची. पट्ट्यावर खाचा असतात, पेचकस फिरवला की पट्टा आवळतो. शंभर वर्षांहून जुनी चीज आहे ही. ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याने 1921 साली तिचं पेटंट घेतलं. जुने मिस्त्री अजून तिला जुबिली क्लिप म्हणतात, ते त्याच्याच मालाचं नाव.

दुसरी स्प्रिंगची. तिला दोन कान असतात. पक्कडीने कान दाबले की ती उघडते, सोडले की मिटते. बऱ्याच नव्या गाड्यांना कंपनीतून हीच बसवलेली येते.

आपल्याकडे एक समज पक्का आहे, की स्प्रिंगची क्लिप हलकी आणि स्क्रूची मजबूत. म्हणून पाइप काढला की पुष्कळ ठिकाणी स्प्रिंगची क्लिप फेकून स्क्रूची लावतात. तुम्ही असं करू देऊ नका. रबर गरम झालं की फुगतं, थंड झालं की आक्रसतं. वर्षं गेली की दबून पातळही होतं. स्प्रिंगची क्लिप त्याच्याबरोबर उघडते आणि मिटते. स्क्रूची जिथे आवळली तिथेच थांबते.

याचा अनुभव थंडीत येतो. 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. 1956 साली याच दिवशी आपल्या वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. पुण्यतिथीच्या दिवसांत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी चार थेंब दिसतात. गाडी गरम झाली की थेंब बंद. माणूस म्हणतो, गेलं असेल, आणि निघतो. पण ते रोजचे चार थेंब कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू खाली आणतात.

तेव्हा पहिला नियम हा धरा: कंपनीने ज्या जागी जी क्लिप दिली, तिथे तीच. स्प्रिंगची असेल तर त्याच मापाची स्प्रिंगची आणा. तिच्या कानावर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो, तो दुकानात दाखवा. जुनी क्लिपच खिशात घालून नेलीत तर उत्तम. स्क्रूची घ्यावीच लागली, तर तिच्याकडे पुढे लक्ष ठेवावं लागेल एवढं मनात असू द्या.

आता माप. इथे सगळ्यात जास्त चूक होते. पाइपाच्या आतल्या मापावरून क्लिप मागतात. क्लिप बसते बाहेरून, म्हणून बाहेरचं माप लागतं, आणि तेही पाइप नळीवर चढवलेला असताना. घरी एक साधा दोरा घ्या. पाइपाभोवती एक वेढा द्या. दोरा मोजा आणि 3.14 ने भागा. दोरा 132 मिलिमीटर भरला तर पाइप 42 चा.

स्क्रूच्या क्लिपवर 32-50 किंवा 40-60 असे दोन आकडे असतात. म्हणजे एवढ्यापासून एवढ्यापर्यंत ती आवळते. तुमचं 42 हे या आकड्यांच्या मध्याजवळ यायला हवं. 32-50 घ्या. 40-60 सुद्धा बसेल, पण तिला अगदी शेवटापर्यंत आवळावं लागेल. मग ती गोल राहत नाही, लांबट होते. एका बाजूला रबर चेपतं, दुसऱ्या बाजूला फट राहते. पाणी त्याच फटीतून येतं. मिस्त्री आणखी आवळतो, पाणी आणखी येतं. शेवटी दोष पाइपाला दिला जातो.

धातू बघून घ्या. बाजारातल्या पुष्कळ क्लिपांचा पट्टा स्टेनलेस असतो आणि स्क्रू साधा. वरून दोन्ही सारखेच चमकतात. दोन पावसाळ्यांनंतर स्क्रू गंजतो, फिरत नाही, आणि रस्त्यात नेमकी गरज पडली की त्याचं डोकं झिजून बसतं. दुकानात सरळ विचारा, "भाऊ, स्क्रूसकट सगळी स्टेनलेस आहे का?" लहान लोहचुंबक जवळ असेल तर लावून बघा. पट्ट्याला चिकटला नाही आणि स्क्रूला जोरात चिकटला, तर स्क्रू बहुधा साधा आहे. पट्ट्याच्या कडाही बोटाने तपासा. धारदार असतील तर त्या रबर कापतात. कडा वर वळलेली असली तर चांगली.

आणि घरातल्या डब्यातून काढून क्लिप लावू नका. शेती असलेल्या प्रत्येक घरात असा डबा असतो. ठिबकच्या, फवारणी पंपाच्या, मोटारीच्या पाइपाच्या क्लिपा त्यात पडलेल्या असतात. संत्र्याच्या बगिच्यात त्या उत्तम काम देतात, कारण तिथे पाणी थंड असतं. इंजिनाची उष्णता आणि हादरे सोसायला त्या बनवलेल्या नाहीत. तारेचे वेढेही नकोत. तार रबरात रुतते आणि पाइप कापते.

क्लिप तुम्ही स्वतः बसवणार असाल, किंवा मिस्त्रीजवळ उभे राहणार असाल, तर हे बघा. गाडी पूर्ण थंड हवी. गरम गाडीचं झाकण कुणीही उघडू नये. आतलं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. निदान तासभर थांबा. काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही आपोआप फिरतो, तेव्हा बोटं लांब ठेवा. स्प्रिंगची क्लिप पक्कडीतून सुटून उडते. चष्मा घाला, लेकरांना दूर करा.

पाइप ज्या नळीवर चढतो ती पुसून घ्या. पांढरी खपली असेल तर फडक्याने, हलक्या हाताने काढा. प्लास्टिकच्या नळीवर पातं घासू नका. पाइप चढत नसेल तर कूलंटचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि खराब होतं.

नळीच्या टोकाला एक उठलेली कड असते. पाइप तिच्यावरून पुरता पलीकडे जायला हवा. क्लिप त्या कडेच्या मागे बसवा. कडेवर बसवली तर ती दाबाने घसरते. पाइपाच्या टोकापासूनही चारेक मिलिमीटर आत असू द्या. जुना पाइप परत लावत असाल तर क्लिपचा पहिला वण दिसतो, तिथेच ती ठेवा.

आवळताना पेचकस हातानेच फिरवा, मशीन लावू नका. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रबर किंचित उचललं की थांबा. खाचांतून रबर बाहेर आलं म्हणजे जास्त झालं. रेडिएटरची नळी प्लास्टिकची असेल तर जास्त आवळल्याने ती तडकते. मग पन्नास-साठ रुपयांच्या क्लिपपायी हजारोंचा रेडिएटर बदलावा लागतो.

त्यानंतर गाडी चालू करून पंखा लागेपर्यंत ठेवा, आणि बंद करून रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी हात फिरवा. दोन-चार दिवसांनी पुन्हा बघा. स्क्रूची क्लिप एखादवेळा थोडी आवळावी लागते. दर आठवड्याला आवळावी लागत असेल तर पाइप किंवा नळी गेली आहे, तिकडे बघा.

पाण्याचं एक सांगायलाच हवं. आपल्या अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा जातो. भातकुली-दर्यापूरकडच्या माणसाला खाऱ्या विहिरीचं वेगळं सांगायला नको. ते पाणी रेडिएटरमध्ये भरू नका. आतून खपल्या धरतात, नळ्या कुरतडल्या जातात, आणि मग कितीही चांगली क्लिप असो, पाझर थांबत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट घाला. बाटलीच्या रंगावर जाऊ नका.

सांडलेलं कूलंट लगेच धुवून टाका. काढलेलं बंद डब्यात ठेवा. बऱ्याच कूलंटमध्ये गोड लागणारं विष असतं. अंगणातलं कुत्रं, मांजर, वासरू ते चाटतं. लेकरूही बोट लावतं.

घाटाला निघायच्या आदल्या संध्याकाळी, गाडी थंड असताना, बॉनेट उघडा. वरचा पाइप, खालचा पाइप आणि हीटरचे दोन बारके पाइप बघा. क्लिपजवळ हिरवा, गुलाबी किंवा पांढरा सुकलेला डाग दिसला तर तिथून पाणी जातं आहे. टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. तुमच्या मापाच्या दोन क्लिपा, पेचकस आणि पाच लिटर साधं गोड पाणी डिकीत टाका.

वाटेत तापमानाचा काटा चढला किंवा लाल दिवा लागला तर लगेच बाजूला घ्या. "पुढच्या गावात बघू" म्हणू नका. काटा चढून एकदम खाली पडला तरी निवांत होऊ नका. पाणीच संपलं की कधीकधी काटा खोटं सांगतो. इंजिन बंद करा, माणसांना सावलीत न्या, तासभर थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका.

आमच्या गाडीत आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक डबी असते. 32-50 च्या दोन क्लिपा, 16-27 च्या दोन, आणि एक आखूड पेचकस. ते बाळ आता शाळेत जातं. निघताना डबी उघडून क्लिपा मोजायचं काम त्याच्याकडे आहे.