व्यसनावरची सुई आणि नफ्याचे व्यसन

मधुमेह व लठ्ठपणा यांवरील सेमाग्लुटाइड या औषधाने दारूची तलफही आटोक्यात येते, असे वृत्त भांडवली वृत्तपत्रांनी गेली काही वर्षे मोठमोठ्या मथळ्यांनी दिले आहे. दारू, तंबाखू, अफू, अनावर खाणे, माणसाच्या साऱ्या तलफा आता एका सुईने शमणार, असा गाजावाजा चालू आहे. कष्टकरी जनतेने या गाजावाजाने हुरळून जाण्याचे कारण नाही. त्याचप्रमाणे या संशोधनाकडे तुच्छतेने पाहण्याचेही कारण नाही. विज्ञान काय सांगते आणि बाजार काय विकतो, यांतील अंतर नीट मोजले पाहिजे.

प्रथम विज्ञान. ‘जामा सायकिॲट्री’ या अमेरिकी नियतकालिकात फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अवघ्या ४८ व्यक्तींवर, ९ आठवडे झाली. अल्प मात्रेत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांची तलफ कमी झाली, पिण्याच्या दिवशी पोटात जाणाऱ्या दारूचे प्रमाणही घटले. पिण्याच्या दिवसांची संख्या मात्र लक्षणीयरीत्या घटली नाही. त्यापूर्वी, २०२२ मध्ये, याच वर्गातील एक्सेनाटाइडच्या १२७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष डेन्मार्कमधून प्रसिद्ध झाले. एकंदर रुग्णांत खऱ्या व खोट्या सुईच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही; केवळ लठ्ठ रुग्णांत अतिमद्यपानाचे दिवस घटले. म्हणजे आशेला जागा आहे, जयघोषाला नाही.

आहारविकारांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. अनावर खाण्याच्या विकारावर अमेरिकी औषध प्रशासनाने २०१५ मध्ये प्रथमच ज्या औषधाला मान्यता दिली, ते लिस्डेक्सॲम्फेटामिन स्वतःच व्यसन लावू शकणाऱ्या ॲम्फेटामिन वर्गातील आहे. अन्न टाकून देह झिजविणारा ॲनोरेक्सिया हा मानसिक विकारांतील सर्वांत प्राणघातक विकारांपैकी एक. अशा रुग्णाच्या हाती भूक मारणारे औषध सौंदर्यप्रसाधनासारखे पडले, तर तो उपचार ठरेल की अपघात?

आता बाजार. हे ज्ञान कोणाच्या श्रमातून जन्मले? न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात काम करणारे जॉन एंग यांनी १९९२ मध्ये गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषातून एक्सेंडिन-४ हे द्रव्य शोधून काढले. त्यातूनच या वर्गातील पहिले औषध २००५ मध्ये बाजारात आले. मुळाशी जनतेचा पैसा होता. फळ मात्र मक्तेदारांच्या पदरात पडले. येल विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या २०२४ च्या अभ्यासानुसार, सेमाग्लुटाइडची महिन्याची मात्रा नफा धरूनही ०.८९ ते ४.७३ डॉलरांत तयार होऊ शकते. त्या वर्षी अमेरिकेत तिची जाहीर किंमत होती ९०० डॉलरांहून अधिक!

भारतातील मुख्य पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपले की किंमत उतरते, हे खरे. पण स्वस्त झालेले औषध आपोआप रुग्णाच्या हाती पडते काय? नाल्ट्रेक्सोनचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत अफूवर्गीय व्यसनासाठी १९८४ मध्ये आणि दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये ते मान्य झाले. त्याच्या गोळ्यांवरील पेटंटाचा अडसर केव्हाच दूर झाला आहे. तरीही २०१९ मध्ये तेथील मद्यविकारग्रस्तांपैकी केवळ १.६ टक्के लोकांना या विकारावरील कोणतेही औषध मिळाले होते. नफा आटला की भांडवलाचा उत्साह आटतो, आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्था दुबळी असेल तर औषध कपाटातच राहते.

याहून मूलभूत प्रश्न आहे तो तलफ निर्माण कोण करतो, हा. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने १९८५ मध्ये जनरल फूड्स आणि १९८८ मध्ये क्राफ्ट या खाद्यकंपन्या विकत घेतल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २० व्यक्तींवर केलेल्या २०१९ च्या प्रयोगात, अतिप्रक्रियायुक्त अन्न पुढे असताना माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात असल्याचे दिसले. संकल्पशक्ती तीच, माणसेही तीच. बदलले होते ते अन्न. एका हाताने भूक चेतवायची आणि दुसऱ्या हाताने ती मारण्याची सुई विकायची, असा हा भांडवलशाहीचा दुहेरी धंदा आहे.

व्हिएतनामवरील आक्रमक युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी केली होती. सुमारे एक-पंचमांश सैनिक तेथे अफूवर्गीय व्यसनात सापडले होते. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतील अगदी थोड्यांना ते पुन्हा जडले. व्यसन मेंदूत घडते, पण मेंदू परिस्थितीत जगतो. एंगल्सनेही १८४५ मध्ये इंग्लंडच्या कामगारांच्या दारूचे मूळ त्यांच्या दुर्गुणात नव्हे, तर त्यांच्यावर लादलेल्या जीवनात दाखवून दिले होते.

याचा अर्थ क्रांती होईपर्यंत रुग्णाने थांबावे असा नव्हे. दारूने यकृत पोखरलेल्या गिरणी कामगाराला आजच औषध हवे आहे. व्यसनी माणसाला नैतिक प्रवचन देऊन घरी पाठविणारा कार्यकर्ता आणि त्याला गिऱ्हाईक समजणारा कारखानदार, दोघेही त्याला एकटे पाडतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. उरलेल्या ३७ जणांचे काय? त्यांना नव्या सुईच्या जाहिराती नकोत. त्यांना हवेत जिल्ह्याजिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचार विभाग, मोफत औषधे, प्रशिक्षित समुपदेशक आणि घरापर्यंत पाठपुरावा. त्यांना हवे परवडणारे सकस अन्न, आणि थकलेल्या शरीराला दारूखेरीज दुसरा विसावा देणारे कामाचे तास.

संशोधन पुढे जावो. त्याचे स्वागतच आहे. परंतु त्याची फळे कोणाच्या ताटात पडतात, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते संघटित जनतेच्या लढ्यातच ठरणार आहे.