एकच माप

धर्म म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण देवळाच्या, मशिदीच्या किंवा चर्चच्या दाराकडे बोट दाखवून देतात. त्या दारातून आत गेले की माणूस धार्मिक होतो आणि बाहेर पडला की पुन्हा व्यवहारी होतो, अशी सोयीची वाटणी आपण सर्वांनीच करून ठेवली आहे. प्रार्थनेसाठी एक माप आणि बाजारासाठी दुसरे! ही वाटणी ज्यांनी मुळातच नाकारली, अशा एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे. त्या पंथाची तत्त्वे उदात्त आहेतच. परंतु त्या तत्त्वांनी खुद्द त्याच्या अनुयायांची जी झाडाझडती घेतली, तीत त्याची खरी थोरवी आहे, असे आमचे मत आहे.

हा पंथ क्वेकरांचा. त्यांचे स्वतःचे नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणजे मित्रांचा धर्मसमाज. ‘क्वेकर’ म्हणजे थरथर कापणारा. हे नाव त्यांस प्रथम कुचेष्टेने मिळाले व पुढे तेच रूढ झाले. देहूस तुकारामबुवांचे निर्वाण झाले त्याच सुमारास, सतराव्या शतकाच्या मध्यास, जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) हा विणकराचा मुलगा इंग्लंडमध्ये गावोगाव हिंडून उपदेश करीत होता. प्रत्येक मनुष्याच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश आहे. तो पाहावयास मध्यस्थाची गरज नाही, हे त्याच्या शिकवणीचे सार. म्हणून क्वेकरांच्या मूळ उपासनासभेत ना व्यासपीठ, ना पुरोहित, ना ठरलेले प्रार्थनामंत्र. सर्वांनी मौन धरून बसावयाचे. ज्यास आतून प्रेरणा होईल त्याने, मग ती स्त्री असो वा पुरुष, चार शब्द बोलावयाचे आणि पुन्हा शांत व्हावयाचे. आज केनियासारख्या देशांत पाद्री व गायन असलेल्या क्वेकर सभाही पुष्कळ आहेत. परंतु सत्य, समता, साधेपणा आणि शांतता ही मूल्ये सर्वांस समान आहेत.

या मूल्यांचा उच्चार कोणता धर्म करीत नाही? क्वेकरांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी ती फार लहान गोष्टींत आणली. न्यायालयात शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शपथेवर खरे बोलावयाचे, याचा अर्थ एरवी खोटे चालते असाच होत नाही काय? या आग्रहापायी अनेकांनी तुरुंगवास सोसला. अखेर १६९६ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने त्यांस शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मोकळीक दिली. आपल्या राज्यघटनेतही पदग्रहण करणाऱ्यास ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, यांपैकी एक निवडण्याची मुभा आहे. दुकानातही तीच रीत. घासाघीस करणे म्हणजे आधी खोटी किंमत सांगणे, म्हणून क्वेकर व्यापारी एकच भाव सांगत. लहान मुलास बाजारात धाडले तरी ते फसणार नाही, असा त्यांचा लौकिक झाला. श्रेष्ठांस आदरार्थी ‘तुम्ही’ आणि कनिष्ठांस ‘तू’ म्हणण्याचा प्रघात त्या वेळच्या इंग्रजीतही होता. क्वेकर सर्वांस एकाच शब्दाने संबोधीत आणि न्यायाधीशासमोरही डोक्यावरील टोपी काढीत नसत.

येथवर वाचून कोणासही वाटेल की हे सारे संतच होते. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कित्येक क्वेकरांच्या घरी व शेतावर गुलाम राबत होते. मौनसभेत सर्वांच्या अंतरी एकच प्रकाश पाहावयाचा आणि घरी परतून विकत घेतलेल्या माणसाकडून जोडे पुसून घ्यावयाचे, अशी ही दोन मापे! १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चार जणांनी याविरुद्ध लेखी निवेदन दिले. ते एका सभेकडून दुसऱ्या सभेकडे गेले आणि तसेच पडून राहिले. बेंजामिन ले या बुटक्या, कुबड असलेल्या गृहस्थाने भर सभांतून गुलामांच्या मालकांस खडसावले, तेव्हा १७३८ मध्ये समाजाने त्यालाच दूर केले.

तथापि ठिणगी विझली नाही. न्यू जर्सीतील जॉन वुलमन (१७२०-१७७२) हा तरुण एका दुकानात कारकून होता. मालकाने आपल्या घरची गुलाम स्त्री विकली आणि वुलमनला विक्रीखत लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले. पण ही चाल ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याने मालकास आणि खरेदीदारास तोंडावर सांगितले. पुढे तसाच प्रसंग आला तेव्हा त्याने लेखणी उचलली नाही. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघरी जाऊन तो शांतपणे बोले, आणि त्यांच्या घरी पाहुणचार घेतला तर सेवा करणाऱ्या गुलामांस मोबदला देई. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध ठराव केला. १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्यास समाजात स्थान नाही, असे ठरले. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी.

क्वेकर सभेत मतदान होत नाही. सर्वांची मने वळेपर्यंत थांबावयाचे, हा त्यांचा नियम. यावर कोणी म्हणेल, ही दिरंगाई नव्हे काय? आम्हीही म्हणतो, होय. १६८८ पासून १७७६ पर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षे लोटली. त्या काळात ज्यांच्या जन्मामागून जन्म दास्यात गेले, त्यांस या संयमाचे कौतुक सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु या कथेची दुसरीही बाजू आहे. या समाजावर बाहेरून कोणी सक्ती केली नव्हती. त्याच्याच श्रद्धेने त्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि शेवटी त्याने पदरचे नुकसान सोसून निकाल मान्य केला. ज्या समाजात आपल्याच माणसाने आपला दोष दाखविला तर तो अखेरीस ऐकला जातो, त्या समाजाची मूल्ये जिवंत आहेत असे समजावे.

ही मूल्ये पुढेही कृतीत दिसत राहिली. पहिल्या महायुद्धानंतर क्वेकरांनी पराभूत जर्मनीतील लक्षावधी उपाशी मुलांस अन्न दिले. १९४७ चा शांततेचा नोबेल पुरस्कार ब्रिटन व अमेरिका येथील त्यांच्या दोन सेवासंस्थांस मिळाला. आपल्याकडे सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शिकविणाऱ्या मार्जोरी साइक्स याच पंथाच्या. नर्मदाकाठच्या होशंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या नर्मदापुरमजवळ, रसूलिया येथे क्वेकरांचे ग्रामीण केंद्र होते. त्याने व किशोर भारती या संस्थेने मिळून १९७२ मध्ये सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्यांस पुस्तक उघडण्याची मोकळीक असे.

वाचकहो, आम्हांस कोणाचा धर्म बदलावयाचा नाही. मौनसभा भरवा, असाही आमचा आग्रह नाही. रोज सकाळी आपणही रांगेत उभे राहून प्रतिज्ञा म्हणतो आणि सारे भारतीय आपले बांधव असल्याचे सांगतो. मग त्याच पटांगणात शिपायास ‘अरे’ आणि पाहुण्यांस ‘आपण’ का? परीक्षक समोर असता प्रामाणिकपणा आणि पाठ वळताच शेजाऱ्याची वही, हे का? मोठमोठ्या शपथा घेणे सोपे आहे. शपथेची गरजच पडू नये असे बोलणे आणि वागणे कठीण आहे. पण ते अशक्य नाही, हे एका लहानशा समाजाने चुकत-माकत दाखवून दिले आहे. आपल्या घरात, वर्गात आणि बाजारात एकच माप वापरावयाचे, एवढा निश्चय आपण केला तरी पुष्कळ झाले.